मुलीला न्यायला कोण येणार

सोमवार, ३ तारीख
शाळेचं डोकं फिरलंय! आजपासून म्हणे वेबसाइटवरच्या यादीत ज्याचं नाव, त्याच्याच हाती मूल. माझी नात ठकी फाटकाच्या आत, मी बाहेर. ती "आजी, आजी" करून गळा काढतेय आणि रखवालदार म्हणतो, "मावशी, मी ओळखतो हो तुम्हाला. मशीन ओळखत नाही." मशीनने का तिचा शेंबूड पुसलाय?
शेवटी सूनबाई कारखान्यातून पाळी अर्धी टाकून धावत आली. मुलगा जाऊन चार वर्षं झाली, घर तिच्या एकटीच्या जिवावर. मुकादम म्हणाला म्हणे, "आणखी दोनदा असं झालं तर घरीच बसा."

मंगळवार, ४
फोन घेऊन बसले. चौथी शिकलेय, वाचता येतं मला! पण काय कुठे लपवलंय देव जाणे. आधी मुख्याध्यापकांचा हा एवढा फोटो, मग बक्षिसं, मग परत फोटो. यादी सापडेपर्यंत चहाचं आधण आटलं. विचारतात, नातं काय — आई, वडील, इतर. इतर!! बरं, दाबलं. तर आईच्या फोनवर आकडा पाठवलाय, दोन मिनिटांत भरा. आईचा फोन पाळी सुटेपर्यंत कारखान्यात कुलपात! संध्याकाळी ती आली, तर वेबसाइट म्हणते, "अर्ज शाळेच्या वेळेतच." घ्या!
आणि हो, आजही तिलाच धावावं लागलं. आता एकच वेळ उरली.

बुधवार, ५
शाळेत जाऊन भांडले. कारकून मान वर न करता, "वेबसाइटवर करा." शेजारी एक मुलगी होती, वेबसाइट करणारी. म्हणाली, "आजी, मला करून दाखवता? मी काही सांगणार नाही, नुसती बघेन."
म्हटलं, मी काय तमाशा आहे? पण बसले. बोट थुंकीने ओलं करून पान उलटलं — तिने लिहिलं. मुख्याध्यापकांचा फोटो दाबला — ज्याची शाळा त्यालाच विचारावं ना! तेही लिहिलं.
"माझ्या चुका कसल्या टिपतेस गं?"
"तुमच्या नाहीत आजी, माझ्या आहेत."
गुणाची पोर! कारकुनाकडून येत्या सोमवारपर्यंत ठकीला न्यायची चिठ्ठी काढून दिली. सूनबाईची पाळी वाचली.

शुक्रवार, ७
चिठ्ठीवर भागतंय. रखवालदार रोज उलटीसुलटी करून बघतो, नोट खोटी असल्यासारखी.

सोमवार, १०
नवं पान आलं! उघडल्या उघडल्या मोठ्या अक्षरात — मुलीला न्यायला कोण येणार? खाली सगळ्यांचे फोटो. नात्यांत "आजी" आहे! आकडा संध्याकाळपर्यंत चालतो. सूनबाई आली, चप्पल काढायच्या आत भरला. झालं!

मंगळवार, ११
ठकीला रुबाबात आणलं. वाटेत दोनदा थांबून शेजारणींना सांगितलं.

बुधवार, १२
माझा फोटो बघावा म्हणून यादी उघडली. सूनबाई, मी, आणि खाली तिसरा! चष्मेवाला. गळ्यात सूनबाईच्याच कारखान्याचं ओळखपत्र. सूनबाई भाजी चिरता चिरता थांबली. "सांगणारच होते, आई. तुमच्यासमोर तोंड उघडेना... आणि हे पान इतकं सोपं झालंय." मला आठ दिवस लागले आणि याचं एका बोटात! उरलेली भाजी मीच चिरली. मग म्हटलं, रविवारी जेवायला बोलाव. मुलगा आधी मी बघणार.