तुझे एकशे त्र्याऐंशी दिवस

रिमुस्की
मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय गाए,

तू आणि तुझा रॉजर दोघंही मजेत असाल. तिकडे फ्लोरिडात तुमच्या मोटेलमध्ये गर्दी असेल, इकडची थंडी चुकवायला निघालेले आपलेच लोक तुझ्या दारात गाड्या लावत असतील. इथे नदी काठापर्यंत गोठली आहे. काल जिन्यावरचा बर्फ दोनदा काढला. खालच्या मादाम कारॉनचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. तिने वाटाण्याचं सूप पाठवलं होतं, नेहमीसारखं खारट.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज म्हणजे माझाच आवाज. मी काही सांगायला लागले की तू हसतेस, आणि मला वाटतं मीच मला हसते आहे. मग सांगायचं राहून जातं. टपालाला फार दिवस लागतील म्हणून हे कुरियरने पाठवते आहे.

तुझ्या सरकारी आरोग्य कार्डाच्या नूतनीकरणाची नोटीस आली. ३१ मार्चला ते संपतं. अर्ज सोबत जोडला आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आठवतं, तू जाताना काय म्हणालीस? याच स्वयंपाकघरात, कोट अंगात घालून उभी होतीस. "एकच हिवाळा गं, गिलेन. तिकडे डॉक्टरचं दार बघायचं म्हणजे घर विकायला काढायचं. इथल्या फुकट उपचारांचं माझं ते सूर्याच्या चित्राचं कार्ड तेवढं जिवंत ठेव. वर्षाचे एकशे त्र्याऐंशी दिवस मी इथे दिसले की झालं." मी विचारलं, "दिसणार कशी?" तू माझी हनुवटी धरून खिडकीच्या काचेकडे वळवलीस. "अशी."

त्या एका हिवाळ्याला नऊ वर्षं झाली.

मी तेव्हा माझं घर मोडून बाहेर पडले होते, तुझी जागा मोकळी होती, आणि शिवणकाम कुठूनही करता येतं. विजेचं बिल तुझ्या नावावर, भाडेकरार तुझ्या नावावर. दारावरची पाटीही तुझीच. एका पत्त्यावर दोघी दिसल्या तर कुणीतरी खोदून विचारेल, म्हणून मी माझा पत्ता कुठे कळवलाच नाही. तुझे दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून जगले. तुझा लाल कोट घालून औषधाच्या दुकानात जायचं. भांग उजवीकडे पाडायचा. सही डाव्या हाताने. डॉक्टर आईला म्हणाले होते ना, या आरशातल्या जुळ्या आहेत, एकीचं उजवं ते दुसरीचं डावं. चार वर्षांपूर्वी तुझ्या कार्डासाठी फोटो काढायला बसले तेव्हा खिडकीमागची बाई म्हणाली, "मादाम गाएतान, जुन्या फोटोपेक्षा तुम्ही जास्त तुमच्यासारख्या दिसताय!" मी त्या वेळी खूप हसले होते.

आता एक कबूल करते. मला ते आवडायचं. लाल कोटात माझी चाल बदलायची. लोक तुझ्याशी जास्त बोलतात, गाए. तू थट्टा केलीस तर हसतात. मी केली तर "काय म्हणालात?" असं विचारतात. मग तुझे एकशे त्र्याऐंशी दिवस भरले तरी मी कोट उतरवेनाशी झाले.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी कॅलेंडर उतरवताना सहज मोजलं. तीनशे पासष्टमधून तुझे एकशे त्र्याऐंशी काढले. माझे उरले एकशे ब्याऐंशी. एक दिवस कमी. नियमाप्रमाणे मी इथे राहतच नव्हते.

मी चहा टाकला. कप खाली ठेवला तेव्हा त्याचा कान डावीकडे होता.

त्याआधीच माझं स्वतःचं कार्ड संपून गेलं होतं. त्याची नोटीस जुन्या घरी गेली असणार आणि तिथल्या लोकांनी परत पाठवली असणार. मी आजारी पडत नव्हते, म्हणून कळलंच नाही. आणि लागलं तर तुझं होतंच. कधी शेजारी ठेवून पाहिलीस का आपली कार्डं? आडनावाची तीन अक्षरं तीच, नावाचं पहिलं अक्षर तेच, जन्मतारीख तीच. फक्त शेवटचा आकडा वेगळा. तुझा एक, माझा दोन.

त्याआधी ऑक्टोबरात तुझ्या नावाने सरकारी पत्र आलं. पन्नाशी झालेल्या सगळ्या बायकांना पाठवतात ते, छातीची तपासणी करून घ्या म्हणून. मी गेले. तुझं कार्ड, तुझा कोट. वाटलं, तेवढीच तुझी एक नोंद होईल.

डिसेंबरात त्यांनी परत बोलावलं. वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा चित्रं काढली, मग थंडगार मलम लावून सोनोग्राफी. डॉक्टरीण तरुण होती, तिने पडदा माझ्याकडे वळवला. डाव्या बाजूला, काखेच्या जवळ, वाटाण्याएवढं काहीतरी पांढरं. "हे आपल्याला सुईने तपासायला हवं, मादाम गाएतान. घाबरू नका, पण टाळूही नका."

मी घरी येऊन हाताने चाचपलं. आंघोळीत, पडून, हात डोक्यावर घेऊन. हाताला काहीच लागलं नाही.

पण झोप उडाली ती वेगळ्याच विचाराने. उद्या कापायची वेळ आली, तर मी तुझ्या नावाने झोपणार आणि शुद्धीवर येताना ते मला तुझ्या नावाने हाक मारणार. मी त्या हाकेला ओ देईन, याची मला खात्री होती, आणि त्याचीच भीती वाटली. म्हणून जानेवारीत माझं कार्ड करून घ्यायला गेले. मी इथे राहते याचा पुरावा मागितला. माझ्याकडे माझ्या नावाचं काहीही नव्हतं. शेवटी मादाम कारॉनकडे कागद घेऊन गेले, घरमालकीण म्हणून सही द्या म्हटलं.

तिने चष्मा लावून वाचलं. "गिलेन? ही कोण?"

"मी."

"मग गाएतान?"

"ती फ्लोरिडात असते. नऊ वर्षं झाली."

"आणि नऊ वर्षं मी सूप कुणाला पाजतेय?"

"मला."

तिने ड्रॉवरमधून पेन काढलं. मग सही करत म्हणाली, "तरीच. गाएतान माझ्या सूपला कधी चांगलं म्हणाली नसती." आणि मी दारातून बाहेर पडताना तिने मागून हळूच विचारलं, "मग पोरी, वर चालण्याचे आवाज दोघींचे का येतात?"

मी म्हटलं, मशीन चालवते, त्याचा असेल.

माझं कार्ड मिळालं. माझ्या नावाने, माझ्या उजव्या हाताच्या सहीने मी दुसऱ्या गावी, मातानला गेले, बसने, कारण इथे मला तुझ्या नावाने ओळखतात. तीच तपासणी, तशीच यंत्रं. मागच्या गुरुवारी निकाल आला. दोन्ही बाजू स्वच्छ. तिथल्या बाईने विचारलं होतं, "याआधी कधी केलीय?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "नशीबवान आहात."

आता दोन्ही अहवाल टेबलावर आहेत. तुझ्या नावाच्या कागदावर गाठ आहे. माझ्या नावाच्या कागदावर नाही. दोन्ही वेळा त्या यंत्रासमोर मीच उभी होते.

मी स्वतःला समजावलं की चित्रांची अदलाबदल झाली असेल. पण डिसेंबरात तो पडदा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, गाए. सोनोग्राफीचं टोक माझ्या कातडीवर फिरत होतं.

मग शाळेतली लस आठवली. पहिलीत होतो. तू कोटांच्या खुंट्यांमागे लपलीस, आणि मी रांगेत दोनदा उभी राहिले, एकदा माझी म्हणून, एकदा तुझी म्हणून. दोन्ही सुया माझ्या दंडात गेल्या. संध्याकाळी सुजला तो तुझा दंड. आईने थंड फडकं ठेवलं तुझ्या हातावर आणि म्हणाली, "जुळ्यांचं असंच असतं." आपण तेव्हा हसलो होतो. तू रडता रडता हसलीस.

आणि नाताळच्या फोनवर तू काय म्हणालीस? "खांदा भरून आलाय, गाद्या उचलून उचलून. काखेतही ओढल्यासारखं होतं." मी विचारलं, कुठला? तू म्हणालीस, "डावा. माझं काम सगळं डाव्यानेच ना, बावळट."

हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. नदी, सूप, गुडघा यांत तीन पानं घालवली.

तिकडे तू डॉक्टरकडे जाणार नाहीस, मला माहीत आहे. म्हणून घरी ये. तुझं कार्ड मार्चअखेरपर्यंत चालेल. त्यानंतरचे तुझे दिवस मी जगणार नाही. सोबतच्या अर्जावरची सहीची चौकट कोरी ठेवली आहे. तू इथे राहायला आलीस तर ती तुझी. नाही आलीस तर अर्ज फाडून टाक. इतकी वर्षं तू इथे किती दिवस होतीस असं त्यांनी विचारलं, तर मी खरं सांगेन. कार्ड काढून घेतलं तर घेऊ देत, मला काय शिक्षा करायची ती करू देत. पण आधी तू त्या टेबलावर पड आणि त्यांना तुझा स्वतःचा खांदा दाखव.

लाल कोट धुऊन दाराशी टांगला आहे. तुला लागेल, इथे उणे वीस आहे.

२४ तारखेला, मंगळवारी, सकाळी आठ दहाला, इथल्या इस्पितळात त्या सुईच्या तपासणीसाठी ते तुझं नाव पुकारतील. मी तिथे बाकावर बसलेली असेन, दाराकडे बघत. नाव पुकारतील, पुन्हा पुकारतील.

मी उठणार नाही, गाए.

उजव्या हाताने, फक्त स्वतःची सही करणारी,
तुझी
गिलेन

ता.क. हे वाचताना तुझा हात कुठे गेला आहे, ते मला इथून कळतं. मघापासून माझाही तिथेच आहे. माझ्या हाताला अजून काही लागत नाही. तुझ्या?