निळा अजून गार आहे

१४ नोव्हेंबर

धाकटा दीर सिब्तैन आला. एकटाच! पाठीवर गाठोडं, पापण्यांवर बर्फ. दारातच विचारलं, रजब कुठे आहे? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, दादा खाणीचं तोंड बुजवायला मागे थांबलाय. येईल." आणि सरळ सासूबाईंच्या खोलीत. दार आतून लावून घेतलं. मायलेकांचं कसलं एवढं गुपित? गाठोड्यातला, खाणीतून आणलेला दगड कुठल्या व्यापाऱ्याला दाखवायचा ते ठरवत असतील, दुसरं काय.

मला आठवा लागलाय. रजबने जाताना शब्द दिला होता – घाट बंद व्हायच्या आत घरी येईन, बाळंतपणाला तुला स्कर्दूच्या दवाखान्यात नेईन. आणि पाठवलं काय, तर दगड!

१५ नोव्हेंबर

गाठोडं धान्याच्या कोठीत, पेंढ्यात पुरलंय. वरच्या खाणीतला दगड बर्फासारखा गार असतो. त्याला एकदम ऊब लागली की तडकतो. म्हणून लोकरीत गुंडाळून आठवडाभर थंड खोलीत ठेवायचा, मग कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. तोवर कुणी उघडायचा नाही. इथे पोराटोरांनाही हे ठाऊक आहे.

ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या नवऱ्याला! लग्नाच्या वर्षी मला दाखवायची घाई, म्हणून मनगटाएवढा दगड थेट शेगडीजवळ आणून ठेवला. टक्! आरपार तडा. व्यापारी म्हणाला, आता अंगठीचे खडे निघतील, बस. सासूबाई वर्षभर शेजारणींना सांगत होत्या, "माझा थोरला दगड शेकून खातो."

१७ नोव्हेंबर

नवल आहे. आज दिवसभरात सासूबाईंनी रजबला एकही शिवी घातली नाही. एरवी नमाज आणि थोरल्याला शिव्या, दोन्ही चुकत नाहीत.

२० नोव्हेंबर

झोप नाही. पोटात पोरगं लाथा मारतंय.

सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी गुराखी पोरं ह्याच दगडांनी गोट्या खेळायची. मग पहाड चढायला आलेल्या एका गोऱ्याने एक तुकडा हौसेने मागून नेला आणि गावाची मती फिरली. घराघरात छिन्नी-हातोडा. सासरे त्याच धुळीने खोकून खोकून गेले. तरी मुलं त्याच वाटेवर!

व्यापारी त्याला अ‍ॅक्वामरीन म्हणतात. आम्ही नुसतंच 'निळा'. आडवा धरला तर पाण्यासारखा फिका, टोकाकडून आत पाहिलं तर गडद – रजबनेच शिकवलं बघायला. हिरवट निघाला की व्यापारी भट्टीत तापवून निळा करतात. रजबला ते पटत नाही. म्हणतो, डोंगराने हिरवा दिला तर हिरवाच विकीन. ह्यानेच आमचं कधी बस्तान बसलं नाही! पण खरं सांगायचं तर ह्याच्याचसाठी मला तो आवडतो.

२४ नोव्हेंबर

आठवडा उलटून गेला. सासूबाई रोज सकाळी कोठीत जातात, कितीतरी वेळ बसतात, बाहेर येऊन म्हणतात, "अजून गार आहे." एवढा वेळ कुठल्या दगडाला लागतो?

मी जरा जोरात बोलले. त्या रागावल्या नाहीत. जर्दाळूच्या बियांचं तेल घेऊन माझे सुजलेले पाय चोळत बसल्या. "आधी लेकरू नीट सुटू दे पोरी, मग उघडू." माझे पाय त्यांनी आजवर कधी चोळले नव्हते.

सिब्तैन जेवत नाही. घाटाचं विचारलं तर मिठाचा चहा तसाच टाकून शेळ्यांकडे निघून गेला.

२७ नोव्हेंबर

रात्रभर बर्फ. घाट बंद. आता रजब वसंताशिवाय येत नाही. खूप रडले, खूप रागावले. ये म्हणावं घरी, बोलणारच नाही त्याच्याशी.

२९ नोव्हेंबर

आजही गार!

१ डिसेंबर

सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. मी कोठीत शिरले. पेंढा बाजूला केला, गोणपाट सोडलं. म्हटलं, तडकला तर तडकू दे मेला, ह्याच्यापायीच नवरा अडकलाय.

आत रजबचा स्वेटर. कोपराला मीच लावलेलं हिरवं ठिगळ. त्याच्या पोटाशी दगड – मातीने माखलेला, तरी एका कडेने निळाशार. एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता.

दगड गार नव्हता. खोलीतल्या हवेइतकाच होता. कधीचाच झाला असेल.

स्वेटर हातात धरून तिथेच बसले. अंगातला स्वेटर दगडाला घालून कुणी बर्फात मागे थांबत नाही.

२ डिसेंबर

सासूबाईंनी माझ्या मांडीवर स्वेटर पाहिला आणि सगळं सांगितलं. अंगातल्या स्वेटरात गुंडाळलेला दगड सिब्तैनच्या हाती देऊन रजब दुसरा काढायला परत आत शिरला, आणि वरचा कडा त्याच्यावर कोसळला. सिब्तैनने आल्या रात्रीच त्यांना सांगितलं होतं. मागे माझं पोटातलं एक पोर असंच धसक्याने गेलं होतं, म्हणून त्या गप्प राहिल्या. रोज कोठीत जाऊन एकट्याच रडून घ्यायच्या.

मी स्वेटर घट्ट धरला होता. त्यांनी फक्त त्याच्या बाहीवरून हात फिरवला.

"धुवू नकोस गं. मीही धुतला नाही. त्याचा वास तुझ्यासाठी राखून ठेवला होता."