मानपट्टीवरचे दोन टाके

तुरुंगाचा दवाखाना
ता. ९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला या वयात कांजिण्या झाल्यात. डॉक्टर हसले आणि उद्या कोर्टात न्यायचं नाही म्हणाले. पत्र वकीलबाईंच्या हातून पाठवतोय, मधे कुणी वाचणार नाही.

आपल्या लाँड्रीत काकांचा खून झाला, टोपलीत रक्ताचा एप्रन सापडला आणि त्याच्या मानपट्टीवर माझ्या कपड्यांची खूण आहे, दोन निळे टाके. बरा झालो की मी गुन्हा कबूल करतो. तू जामिनावर आहेस, तू सुटशील. फक्त गप्प राहा, एवढं ऐक.

तुझा,
धाकटा

घर
ता. १०

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कबूल कसलं करतोस, गाढवा! खाजवणं थांबव आणि नीट वाच.

आज शेजारच्या शिंप्याची साक्ष होती. आपल्या दोघांना काकांशी भांडताना पाहिलं, असं तो छातीठोकपणे सांगत होता. त्याला दाखवायला एप्रन बाहेर काढला. आठ महिने मी त्या एप्रनकडे पाहायचं टाळलं होतं. आज तो हातभर अंतरावर आला आणि मला पाहावंच लागलं. मानपट्टीच्या आतल्या बाजूला टाक्यांना गाठ होती. लाँड्रीतल्या सगळ्या खुणा मी घालते आणि गाठ कधीच मारत नाही, मानेला टोचते म्हणून आईनेच तसं शिकवलंय. शिवाय खालचं कापड रक्ताने काळं पडलेलं आणि दोरा मात्र स्वच्छ निळा. म्हणजे खूण खुनानंतर घातलेली.

मी वकीलबाईंना खुणावलं. त्यांनी न्यायाधीशांची परवानगी घेऊन शिंप्याला सुईदोरा दिला आणि स्वतःच्या रुमालावर तसेच दोन टाके घालायला सांगितले. कारागीर तो, ऐटीत घातले. दोरा बोटाला दोनदा गुंडाळून गाठही मारली, हुबेहूब तशीच. बाईंनी रुमाल उलटा करून एप्रनशेजारी धरला. शिंप्याने पाणी मागितलं आणि सगळं सांगून टाकलं. काका त्याला दुकान रिकामं करायला सांगत होते. आपले एप्रन तोच शिवतो, त्यातलाच एक कोरा त्या दिवशी त्याच्या अंगावर होता; खुनानंतर तुझी खूण घालून त्याने तो टोपलीत टाकला.

आता तू सुटणार! पण एक सांगून टाकते. मी एप्रन पाहिला नाही, कारण मला वाटत होतं तूच केलंस. आधी पाहिला असता तर तू कधीच सुटला असतास. मला माफ कर.

तुझी,
ताई

तुरुंगाचा दवाखाना
ता. ११

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा विचारतोय, लॉटरी लागली का.

माफी कसली मागतेस? घाईत तू नेहमी माझाच एप्रन अडकवतेस. मला वाटत होतं, त्या दिवशीही तो तुझ्याच अंगावर होता. म्हणून तर कबूल करणार होतो.

सुटकेचा हुकूम उद्या येतोय. अंगभर फोड आहेत, जवळ घेऊ नकोस. फाटकापाशी मात्र उभी राहा. लोभ घेऊन येतो, संशय तेवढा इथेच ठेवतो.

तुझा,
धाकटा