सोडलेला नळ

आबा, आज परभणीला डॉक्टरांकडे जाऊन मशिनीत लघवी करून आलो आणि पास झालो. हसू नका, खरंच पास झालो. एक नरसाळं असतं, त्याखाली भांडं आणि भांड्याला जोडलेली मशीन. आपण आपलं काम करायचं, ती कागदावर रेघ काढते. तीन महिन्यांपूर्वी माझी रेघ जमिनीला चिकटून सरपटत गेली होती, तीही मध्येमध्ये तुटत. आज ती उभी चढली, वर जाऊन छान गोल वळली आणि सरळ खाली उतरली. डॉक्टर म्हणाले, "वा, उत्तम." मी एकसष्ट वर्षांचा माणूस, दहावीचा निकाल लागला तेव्हाही एवढा खूश झालो नव्हतो. कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि आपल्या पिंगळीला येईपर्यंत गाडीत दोनदा काढून पाहिला. शेजारी बसलेल्या माणसाला राहवेना. "जमिनीचा नकाशा हाय का?" म्हणाला. मी म्हटलं, "हो, लय दिवसांचा वाद होता, आज मिटला." त्यानं माझं अभिनंदन केलं आणि मीही ते मनापासून घेतलं.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही आणि आज वाटलं ते अशा विषयावर, ज्यावर तुम्ही असताना आपण अवाक्षर बोललो नसतो. तुमच्या लेखी ही गोष्ट बोलायची नव्हती, दाबून धरायची होती. तुमचं रेल्वेचं फाटक आठवतंय. मी आईनं दिलेला डबा घेऊन आलोय. मालगाडीची खबर आलीय, फाटक लागलंय, दोन्ही बाजूंना बैलगाड्या थांबल्यात. तुम्ही हिरवं निशाण धरून, पाय जवळ घेऊन ताठ उभे आहात. मला जोरात लागलेली. मी खोलीमागं सटकतोय, तर तुम्ही मान न वळवता ओरडता, "गाडी यायलीय, दम धर! मी सकाळपासून धरलंय, तुला काय झालं?" तिथं तुम्ही एकटेच, आणि गाडी यायच्या वेळी जागा सोडायची नाही हा तुमचा धर्म. त्या दिवशी मालगाडी संपता संपत नव्हती आणि माझी चड्डी थोडी ओली झालीच. गाडी गेली, फाटक उघडलं, बैलगाड्या निघाल्या आणि मग आपण दोघं खोलीमागं शेजारी शेजारी उभे राहिलो. तुमची धार माझ्या दुप्पट लांब जात होती. "बघ," म्हणालात. काय ऐट होती तुमची!

मग तुम्ही निवृत्त झालात, आई गेली, माझं लग्न झालं, शाळेतली कारकुनी पक्की झाली आणि मी घरात संडास-बाथरूम बांधलं. आपल्या गल्लीतलं पहिलं. पांढऱ्या फरशा, आतून कडी, कोपऱ्यात पितळी नळ. पाण्याचा पाइप स्वयंपाकघराकडून येत होता म्हणून तिथंच भिंतीला भिंत लावून बांधून घेतलं. खरं सांगायचं तर ते मी तुमच्यासाठी बांधलं होतं. तुम्ही फरशीवर हात फिरवलात, नळ सोडून पाहिलात, म्हणालात, "लय झकास केलास. सायबाच्या बंगल्यावानी झालंय." आणि घरात सून असताना तिथं एकदाही गेला नाहीत. लोटा घेऊन बांधावर जायचात, उन्हातान्हात, गुडघे दुखत असताना. एकदा पाहुण्यांसमोर मी तुमच्यावर तडकलो. एवढं हौसेनं बांधलंय आणि तुम्ही लोटा घेऊन गावभर फिरता, लोक मला हसतात, असं बरंच बोललो. तुम्ही लोटा दुसऱ्या हातात घेतलात. "मला मोकळ्या रानाची सवय हाय रे," एवढंच म्हणालात आणि चालू लागलात.

सवय कसली आलीय आबा! भिंतीपलीकडं सून पोळ्या लाटत असायची. तुम्ही घरात येतानाही बाहेरून खाकरायचात, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळावा. तिच्या कानावर आपला तसला आवाज जावा, तोही अडत अडत, थांबत थांबत, हे तुम्हाला कसं सोसावं? पण हे कळायची अक्कल तेव्हा मला नव्हती. पुढं तुम्ही दुपारच्या चहानंतर पाणी प्यायचंच सोडलंत. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा संयम केवढा. सुनेच्या माहेरी, गंगाखेडला लग्न होतं त्या दिवशी तर सकाळपासून तुमच्या पोटात थेंब नव्हता. परत आलात ते ओटीपोट धरूनच. परभणीला नेलं, नळी घातली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की लघवी तुंबून तुंबून किडन्या खराब झाल्यात, आधी आणायला हवं होतं. त्यानंतर तुम्ही जेमतेम चार महिने काढलेत.

आणि हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला मी काय केलं असेल? तेच. दोन वर्षांपूर्वी आपल्या नातवाचं लग्न झालं. माझी सून आली, गुणी पोरगी, बोलायला फटकळ. घर तेच, भिंत तीच, आणि नेमकी तेव्हाच माझी रड सुरू झाली. आत जाऊन उभं राहायचं, वाट पाहायची, थोडं यायचं, थांबायचं, पुन्हा जोर करायचा. बाहेर आलो की पाच मिनिटांत परत जावंसं वाटायचं. बांधावर जायची सोय आता राहिली नाही, म्हणून मी डोकं चालवलं. आत गेलो की नळ पूर्ण सोडायचा. पाण्याच्या आवाजात सगळं झाकून जायचं. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. फक्त सकाळी भरलेली टाकी दुपारी कोरडी व्हायला लागली.

"पप्पा, टाकी रोज खाली व्हायलीय," सून म्हणाली. "नळ गळायलाय कुठंतरी." मी गंभीरपणे म्हटलं, बघायला पाहिजे. तिनं प्लंबर बोलावला. त्यानं सगळे नळ खोलले, वायसर बदलले, गच्चीवर जाऊन आला. आठवड्यानं टाकी पुन्हा कोरडी, तो पुन्हा हजर. आता मात्र तो बाथरूमच्या दारात उभा राहिला आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, नळात कायबी खराबी न्हाई. कुणीतरी चालू ठेवून आत बसायलंय." पोरगा दिवसभर कामावर असतो. घरात आम्ही तिघंच. माझ्या बायकोनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं माझ्याकडं आणि मी पंख्याकडं.

प्लंबर गेल्यावर सुनेनं चहा ठेवला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "पप्पा, माझ्या वडिलांना पण असंच होत होतं. गोळ्या चालू हायत, आता मस्त हायत. तुमी दाखवून घ्या ना. पाण्याचं काय, मोटार लावली की भरतंय." आबा, माझे कान लालेलाल झाले. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण खरं सांगू, चहाचे दोन घोट घेतले आणि एकदम हलकं वाटलं, दोन वर्षांचं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं. जे बोलल्यानं आकाश कोसळेल असं तुम्हाला आणि मला वाटत होतं, ते एक चोवीस वर्षांची पोरगी चहाच्या कपाबरोबर बोलून गेली आणि कणीक मळायला बसली.

तेवढ्यात माझी बायको, तुमची सूनबाई, चुलीपाशी जुनं काही आठवल्यासारखी थांबली. "मामांचं पण हेच होतं," म्हणाली. "मला ठावं होतं." मी बघतच राहिलो. "ते लोटा घ्यायला उठले की मी मुद्दाम भांडे घासायला घेत होते. पातेल्यावर पातेलं आपटायचे. म्हणलं, जावं त्यांनी आत, मला काय ऐकू येत न्हाई. दोनदा दारापर्यंत आले बी. कडीला हात लावला आन् माघारी फिरले." आठवतं आबा, तुम्ही मला हळूच म्हणायचात, सूनबाईचा हात लय जड हाय, भांड्यांना पोचे पाडते? ते पोचे तुमच्यासाठी होते.

मग तिचंही निघालं. दुसऱ्या बाळंतपणापासून शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की तिला थेंबभर होतं. कीर्तनाला ती दाराशी बसते ते वाऱ्यासाठी नव्हे. गावाला जायचं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करते आणि पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवते. तेहतीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय आणि एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय. मला रडू यायच्या बेतात होतं, पण ती हसली, मग सून हसली, मग "थांबा, मला हसवू नका" म्हणत बायको बाथरूमकडं पळाली आणि आम्ही आणखी हसलो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं परभणीला गेलो. डॉक्टर मला तपासतात, त्यांच्या बाईसाहेब शेजारच्या खोलीत बायकांना. माझी सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेटची गाठ असते, सुपारीएवढी असायची ती लिंबाएवढी झालीय, वाईट काही नाही, वयानं होतं, गोळ्यांनी भागेल, असं ते म्हणाले. पाणी तोडायचं नाही, दिवसा नीट प्यायचं, झोपायच्या आधी कमी करायचं, चहा आवरायचा आणि दाबून तर धरायचंच नाही. मी म्हटलं, माझे वडील धरायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नवराबायकोच्या संबंधांचं विचारलं, अगदी ताप आहे का विचारावं तसं. मी तिथलाही पंखा पाहून घेतला. "या गोळीनं त्यात थोडा फरक पडू शकतो. पडला तर लपवू नका, सांगा, दुसरी देता येते," म्हणाले. साठीच्या माणसाला हे कुणी विचारतं, हेच मला नवीन होतं.

व्यायाम दोघांनाही एकच सांगितलाय. लघवी रोखतो तो आतला स्नायू वर ओढायचा, पाच मोजायचे, सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र करायचा नाही. आम्ही दोघं बाजेवर शेजारी शेजारी बसतो, चेहरे गंभीर, डोळे समोर. पहिल्या दिवशी सुनेनं विचारलं, "ध्यान करायलाव का?" आता तीच आठवण करते, "पप्पा, तुमचं ध्यान राहिलं." आज मी कागद उघडून दाखवला तेव्हा मिरचीच्या फोडणीचा ठसका उठला. बायको लागोपाठ तीनदा शिंकली, क्षणभर थांबली, आणि मग उलथणं असलेला हात वर करून अशी हसली की बस्स. कोरडी होती ती! येत्या एकादशीला कीर्तनात पुढं बसणार आहे म्हणते. मी पुढच्या आठवड्यात देवळाच्या कट्ट्यावरच्या मंडळींना तो कागद दाखवणार आहे. निम्मे तरी खाली मान घालतील आणि त्यातले दोघं घरी येऊन हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारतील, बघा.

हे पत्र कुठं टाकणार? या कागदाबरोबर घडी करून कपाटात ठेवीन. पण बंद करायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. तुमची सून आठवडाभर माहेरी गेली होती तेव्हा एका दुपारी तुम्ही आत गेला होतात. मी बाहेर रेडिओ लावून बसलो होतो. बराच वेळ झाला म्हणून दारापाशी आलो. आतून थोडा आवाज आला, मग काहीच नाही. मग तुम्ही कण्हलात आणि "ये रे, ये," म्हणालात, वासराला बोलवावं तसं. मला फक्त "आबा, काय होतंय?" एवढं विचारायचं होतं. मी परत फिरलो आणि रेडिओ मोठा केला. तुम्ही हात पुसत बाहेर आलात, माझ्याकडं बघून म्हणालात, "बरं केलंस मोठ्यानं लावलास." तुम्हाला वाटलं, मी तो तुमच्यासाठी मोठा केला. आबा, मला ते ऐकायचं नव्हतं. हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.