सोनपेठची पत्रिका

४ जानेवारी
एडीएचडी. वय चव्वेचाळीस आणि मला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार. हे लहान पोरांना असतं ना?
तिसऱ्यांदा गॅसवर दूध जळालं म्हणून सु.नं हट्टानं दवाखान्यात नेलं. मला वाटलं, बायकोचं समाधान होईल, फार तर बीपी निघेल. डॉक्टर मॅडमनी विचारलं, तुमचं लहानपणचं सांगणारं कुणी आहे का. गावी, बोरीला, थोरल्या दादाला फोन लावला. दादा सुटलाच. दप्तर शाळेत, चपला ओढ्याला, बैल आणायला पाठवलं की गोट्या खेळून रिकामाच घरी. मॅडम लिहून घेत होत्या. मी आधी हसलो, मग तिथंच रडू फुटलं. एवढी वर्षं धांदरट, बेफिकीर, बिनडोक. आणि ह्याला नाव होतं.

११ जाने.
गोळीचा सातवा दिवस. ऑफिसात फाईल उघडली ती संपवूनच उठलो. साहेब बघतच राहिले. डोक्यातला गलका कमी झालाय. बाकीची माणसं रोज अशीच जगतात? खूप राग आला. कुणाचा ते कळलं नाही.

१५ जाने., बुधवार
कामाची शिस्त लावणारी पुण्याची कोच, व्हिडिओवर. एकच वही, ती दाराला बांधलेली. ‘नंतर करतो’ बंद, वेळ लिहायची. अवघड काम असलं की कुणालातरी शेजारी बसवायचं. अर्धवट कामांची यादी करायला सांगितली. एकतीस भरली.
बत्तिसावं लिहिलं नाही.

१८ जाने.
मॅडमकडे थेरपी. यादी वाचून म्हणाल्या, एवढंच? सांगून टाकलं. इथंही लिहितो.
गेल्या मे महिन्यात प्रज्ञाचं, दादाच्या पोरीचं लग्न होतं. तिच्या मामाची, म्हणजे वहिनीच्या सख्ख्या भावाची पत्रिका सोनपेठला न्यायचं काम माझ्याकडं. आमच्यात पत्रिका हातात पडल्याशिवाय आवतण धरत नाहीत, आणि मामा म्हणजे लग्नातला मोठा मान. निघालो होतो. वाटेत मित्राच्या दुकानात बंद पडलेला पंखा दिसला, तो खोलत बसलो ते दिवस मावळेपर्यंत. दादानं विचारलं, दिलीस का. दिली म्हणालो. उद्या देणारच होतो ना.
लग्नानंतर तिसऱ्या दिवशी स्कूटरच्या डिकीत सापडली.
मामानं मुद्दाम पाठ फिरवली म्हणून दादा अजून धुसफुसतो. वहिनी राखीलाही माहेरी गेली नाही. आणि मी आठ महिने गप्प.
मॅडमना विचारलं, हेही एडीएचडीच ना? मनातून वाटलं, हो म्हणतील. त्या म्हणाल्या, “विसरलात ते एडीएचडीमुळे. गप्प बसलात ते भीतीमुळे. काम दोन्हीवर करायचंय.”
कानाखाली बसल्यासारखं झालं.

१९ जाने., बोरी
सु.ला शेजारी बसवून दादा-वहिनीला सांगितलं. दादा म्हणाला, “आता आजाराचं नाव पुढं करायलास व्हय?” मला मारलं असतं तर बरं झालं असतं. वहिनी आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, शनिवारी मला सोनपेठला न्या. दोघं भाऊ चला.

२५ जाने.
रात्री परभणीला घरी परत आलो.
मामांनी पाणी दिलं. मी सगळं कबूल केलं, पाया पडलो. ते रागावतील म्हणून तयारी करून गेलो होतो. ते शांतपणे म्हणाले, “लग्न कवा हाय ते मला ठाव हुतं. सकाळी आंगूळ करून, नवे कपडे घालून बसलो हुतो. पोरीची साडी पिशवीत भरून ठिवली. पत्रिका ऱ्हाऊ द्या, एक फोन आला असता तरी निघालो असतो. दुपारपत्तूर वाट बघितली.”
वहिनी दादाकडं वळली.
“मी फोन लावलाच हुता मांडवातून. पत्रिका पोचली, आता मिनत्या करायच्या नाहीत म्हणून तुमी हातातून काढून घेतला.”
मला हे माहीतच नव्हतं. त्या दोघांशिवाय कुणालाच नव्हतं. दादा खाली बघत होता.
वहिनी तिथंच राहिली. किती दिवस, आम्ही विचारलं नाही. मामींनी जेवायचा आग्रह केला, दादाला घास गेला नाही.
परतीच्या एसटीत आम्ही दोघंच शेजारी. इतकी वर्षं घरातला चुकार मी. दादा कधीच चुकला नाही, एक बैलसुद्धा विसरला नाही. परभणी जवळ आली तेव्हा तो म्हणाला, “तुला तर आजार हाय. मला काय झालं हुतं?”
स्टँडवर उतरून तो बोरीच्या गाडीत बसला. घरी पोचल्याचा फोन अजून आलेला नाही.