डावं पुढचं चाक

मंगळवार, ११ मार्च

ती. दादा,

नमस्कार. इकडे कुणी आजारी नाही, एवढ्या अर्थाने सगळं ठीक. तुमची खुशाली वहिनीकडून कळते, म्हणून ती विचारायचं नाटक करत नाही. माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि चुकून उचललास तर माझीच बोबडी वळली असती. पत्र निदान टेबलावर पडून राहतं. तुमच्या गावच्या बसचा कंडक्टर आपल्याकडे स्कूटर दुरुस्तीला टाकतो, त्याच्या हाती देतोय. वहिनी स्टँडवरून घेईल.

खबरबात अशी की माझी पाठ दुखते. धाकटी पोहायला शिकली आणि आता घरातसुद्धा हात मारत चालते. गॅरेजचं फाटक तेच आहे, तसंच करकरतं. बाबा गेल्यापासून त्यांचं स्टूल मी हलवलेलं नाही. गिऱ्हाईकं त्यावर बसतात, मी नाही बसत. तू मला दहाच्या म्हणायचास ते परवा आठवलं. दहाचा पाना जसा ऐन कामाच्या वेळी सापडत नाही, तसा मी. आता ते नाव कुणी घेत नाही. पाना मात्र अजून सापडत नाही.

बरं, लिहायचं कारण असं. एक काम आलंय. गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांची गाडी. जुनी, लांबलचक, एके काळी शेठ लोक ठेवायचे तसली. आत खऱ्या लाकडाची पट्टी, सीटना कातडं, आणि दार लावलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद. त्यांच्या यजमानांनी हौसेने जुनी घेतलेली. ते गेले, आता बाई स्वतः चालवतात. रविवारी डोंगर उतरून लेकीला आणि दीड महिन्याच्या नातवाला आणायला जायचंय. म्हणाल्या, "ब्रेक आणि चारही चाकं नीट तपासा. मी चाळीस वर्षं पेपर तपासलेत, वरवर तपासलेलं मला लगेच कळतं."

मी हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

काम अवघड नाही रे. मागच्या दोन्ही डिस्कच्या कडेला धार आलीय, बदलाव्या लागतील. पॅड संपत आलेत. ब्रेक ऑइल काळं झालंय. उजव्या पुढच्या चाकाचा रबरी पाइप वाकवला तर बारीक भेगा दिसतात. हे सगळं मी झोपेतही करेन. पण या गाडीला हात लावला की काम पुढे सरकत नाही. काल आवळलेला एक बोल्ट मी तीनदा सोडवून परत आवळला. दुपारी जेवताना ताटावरून उठून गॅरेजात आलो, बघितलं, परत गेलो, आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा फिरलो. ही म्हणाली, "तुमची काय तब्येत बिघडलीय का?" मी म्हटलं, पाठ.

बाबांचा नियम मी अजून पाळतो. चाक आवळणारा एक, बोल्ट हातात देणारा दुसरा. देणाऱ्याने मोजत द्यायचं, आवळणाऱ्याने नजर चाकावर ठेवायची आणि बाबांचा तो पाना, बोल्ट पुरता आवळला गेला की वाजणारा, वाजेपर्यंत सोडायचं नाही. एरवी शेजारचा वायरिंगवाला मला बोल्ट देतो. या गाडीला त्याला बोलवावंसं वाटत नाही.

तीन चाकं उघडून झाली. डावं पुढचं राहिलंय. उद्या बघतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. गाडी पांढरी आहे. मूळची पांढरी नसावी.

गुरुवार, १३ मार्च

ती. दादा,

नमस्कार. कंडक्टर म्हणाला की पत्र वहिनीने घेतलं. तू वाचलंस की नाही हे मला कळायला मार्ग नाही. वाचलंस असं धरून लिहितो.

काल चाक उघडलं नाही. काल मी हत्यारं पुसत बसलो. एवढी चकचकीत हत्यारं बघून वायरिंगवाल्याला वाटलं मी गॅरेज विकायला काढलंय.

तीच गाडी आहे, दादा. मंगळवारीच माहीत होतं, लिहिलं नाही. दाराच्या कडेचं रबर सोललं तर खाली हिरवा रंग. मागच्या सीटवर सिगारेटचा डाग, तू ज्याला डोळा म्हणायचास तोही तिथेच. एकोणीस वर्षांत किती हात फिरून ती पुन्हा याच फाटकातून आत आली आणि मी तिला "या, या" म्हणत जागा दाखवली.

तो दिवस आपण दोघांनी कधी समोरासमोर बसून बोललोच नाही. तू पुढच्या चाकांचे पॅड बदललेस, डावं चाक बसवलंस, आवळलंस. बोल्ट मी दिले. बाबा फेरी मारायला घेऊन गेले आणि पुलाच्या उतारावर डावं पुढचं चाक निघून गेलं. गाडी कठड्यावर. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्यांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य म्हटलं ते तुला, "आवळलं नव्हतंस." तू म्हणालास, "आवळलं होतं बाबा, पाना वाजला होता." ते म्हणाले, "तुझे कान वाजले असतील." मग त्यांनी कामाची चिठ्ठी मागितली. प्रत्येक गाडीची चिठ्ठी तू लिहायचास, त्या दिवशीचीही लिहिली होतीस, पण ती काही केल्या सापडली नाही. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हा त्यांचा हिशोब. महिन्याभराने तू बॅग भरलीस. मी बस स्टँडपर्यंत आलो होतो, आठवतं? तुझी बॅग मी धरली होती. तू म्हणालास, "जाऊ दे, सांभाळ त्यांना."

आज सकाळी डावं पुढचं उघडलं. तसं सगळं ठीक आहे. मागे कुणीतरी अख्खा हब बदललाय, बेअरिंगला खेळ नाही, बोल्ट नवे. चाक वर-खाली धरून हलवलं, कट्ट आवाज नाही. मग डिकीतली स्टेपनी काढली. आपल्या वेळचीच, लोखंडी. तिच्या बोल्टची पिशवीही आहे. रिकामी.

पिशवी रिकामी का, ते मला माहीत आहे. बाजूला डिकीचा गालिचा आहे. त्याच्या खाली हात घालायचं धाडस आज झालं नाही. उद्या लिहितो. उद्या नक्की लिहितो, कारण परवा शनिवार आणि बाई संध्याकाळी गाडी न्यायला येणार.

मला फार भीती वाटतेय, दादा.

तुझा भाऊ

शुक्रवार, १४ मार्च

दादा,

आज नमस्कार लिहायचा मला हक्क आहे की नाही ते पत्र संपल्यावर तू ठरव. सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा पाठदुखीवर येईन.

गालिच्याखाली कागदाची पुडी आहे. आत पाच बोल्ट आहेत, लांब. ती पुडी मी बांधलेली आहे.

या गाडीला दोन जातीचे बोल्ट लागतात हे तुला माहीतच आहे. जाड, चकचकीत रिमला लांब, लोखंडी स्टेपनीला आखूड. डोकं दोघांचं सारखंच. त्या दिवशी गाडी आली तीच डाव्या पुढच्या बाजूला स्टेपनी लावून, कारण तिचं मूळ चाक पंक्चर होतं. तू स्टेपनी उतरवलीस. निघालेले आखूड बोल्ट माझ्या गुडघ्यापाशी ताटलीत पडले. लांब बोल्ट पिशवीत होते, माझ्या पाठीमागे. पंक्चर काढून चाक आलं, तू ते उचलून धरलंस आणि हात मागे केलास. मी ताटलीतून देत गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच. तू बघितलं नाहीस, कारण बघणं माझं काम होतं. पाना पाचही वेळा वाजला, दादा. मी मोजलं. तुझे कान वाजले नव्हते. आखूड बोल्टचे जेमतेम चार आटे धरले असतील, पण जे काही धरलं ते तू पूर्ण आवळलं होतंस.

इथपर्यंत ती चूक आहे. चूक कुणाच्याही हातून होते असं तू म्हणशीलसुद्धा. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पुढचं वाच.

बाबा गाडीत बसले. मी जागा आवरायला वाकलो, पिशवी उचलली, आणि ती जड लागली. आत बघितलं. पाच लांब बोल्ट. बाबांनी तेव्हा नुसती किल्ली फिरवली होती. मी तोंड उघडायचा अवकाश होता. पण सकाळी मी एका गाडीत पक्कड विसरलो होतो आणि त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, "मोठा मिस्त्री झाला, हा हमाल होईल." मी बावीस वर्षांचा घोडा, पण त्यांच्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मला वाटलं, एकच तर फेरी आहे. पुलापर्यंत जाऊन येतील, तेवढ्यात काही होत नाही. परत आले की कुणाला न सांगता बदलून टाकू. त्यांनी हॉर्न वाजवला. फाटक मीच उघडलं.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हिलाही नाही.

संध्याकाळी मोडकी गाडी ओढून आणली तेव्हा तुम्ही सगळे हॉस्पिटलात होतात. पुरावा म्हणून ते पाच बोल्ट माझ्याकडे बघत होते. गाडीची वस्तू गाडीतच राहिली पाहिजे, फेकायची नाही, हे बाबांनीच हाडात मुरवलेलं. मी चोरी लपवतानाही नियम पाळला बघ. समोर जो कागद आला त्यात गुंडाळले आणि गालिच्याखाली सारले. आज पुडी उघडली तेव्हा कळलं की तो कागद कोणता. तुझी चिठ्ठी आहे. तुझं तिरकं अक्षर: "डावं पुढचं. पॅड नवे. चाक बसवलं, आवळलं, पाचही." देवाशपथ, तेव्हा मी कागदाकडे बघितलंही नव्हतं. पण बघितलं असतं तर काढून दिलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही.

नंतर सोळा वर्षं बाबा कुबडी टेकून त्या स्टुलावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, थोरल्याने चाक आवळलं नव्हतं. मी तिथेच गाडीखाली पडून ऐकायचो. शेवटच्या वर्षी दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यांना खोकला आला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तू होतास म्हणून माझं गॅरेज राहिलं." आणि मी गप्प बसलो. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, दादा. हेही लिहून टाकतो.

वहिनी कधी तक्रार करत नाही, पण तिच्या बोलण्यातून निसटतं. तू घराबाहेर पडताना कुलूप चारदा ओढून बघतोस. गॅसचं बटण बघून झाल्यावर तिला पुन्हा बघायला लावतोस. पोराच्या सायकलची चेन उतरली तर तू शेजाऱ्याला हाक मारतोस. इतका कसबी माणूस कागद कारखान्याच्या काट्यावर बसून ट्रकांची वजनं लिहितो, कारण त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा राहिला नाही. त्या हातांनी काहीही चुकवलं नव्हतं. चुकले ते माझे हात, आणि हातांपेक्षा तोंड जास्त.

तू काय करशील याची मी रोज वेगवेगळी चित्रं बघतो. तू येऊन कानाखाली मारशील. तू पत्र फाडशील. तू काहीच करणार नाहीस, हे शेवटचं सगळ्यात वाईट.

आता गाडीबद्दल. डिस्क नव्या घातल्या, पॅड नवे, पाइप बदलला, ऑइल बदललं, पेडल दगडासारखं कडक लागतंय. गाडी चार ठोकळ्यांवर उभी आहे आणि चारही चाकं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. ती मी बसवणार नाही. मला ते जमणार नाही. दीड महिन्याचं बाळ त्यात बसणार आहे. उद्या सकाळची पहिली बस दहाला इथे पोचते. तू आलास तर आवळायचं काम तुझं. पाना बाबांचाच आहे, मी तेल लावून ठेवलाय. बोल्ट मी पांढऱ्या फडक्यावर मांडलेत. ते पाच आणि तुझी चिठ्ठी वेगळी ठेवलीय, ती तुझी आहे. घेऊन जा, वहिनीला दाखव, हवं तर चौकात लाव.

तू नाही आलास तर बाईंना गाडी देणार नाही आणि का देत नाही ते त्यांना पहिल्यापासून सांगेन. मग त्या ज्याला सांगतील त्याला सांगू देत. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला कळू नये एवढ्यासाठीच चार दिवस ही पत्रं लिहीत बसलोय.

आलास तर बोल्ट मी देईन, मोजत देईन, नियमाप्रमाणे. पण तू मान वळवून प्रत्येक बोल्ट बघ आणि मगच घे. आणि सगळं झाल्यावर फाटक मी तू म्हणशील तेव्हाच उघडेन.

दहाच्या