चाकणच्या रस्त्याचा अंदाज

ती. आईस आम्रपालीचा सप्रेम जयभीम.

आम्ही खुशाल आहोत. तुझ्या नातीला, मिनलला, अधूनमधून खोकला येतो, पण शाळा बुडत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

ऑफिसात मला नवं काम दिलंय. चाकणच्या रस्त्यावर दहा वर्षांनी किती ट्रक धावतील, किती धूर होईल, याचा अंदाज काढायचा. आकडा आला तो असा: ट्रक दुप्पट, आणि सगळ्यात जास्त धूर मिनलच्या शाळेच्या वळणावर. तीनदा तपासलं, तेच आलं.

साहेब म्हणाले, "मॅडम, एवढा आकडा कसा दाखवायचा? जरा खाली आणा."

"नाही आणणार, सर," मी म्हणाले. अहवाल तसाच गेला, माझ्या नावानिशी. तेव्हापासून साहेबांनी हाक मारली की वाटतं, आता काढूनच टाकतात.

नोकरी गेली तर दुसरी बघेन गं. पण काल शाळेच्या फाटकाशी उभी होते, तर मिनल आपणहून तोंडाला रुमाल बांधून बाहेर आली. तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी तशाच.

आई, जूनपासून तिला तिकडच्या शाळेत घातलं तर सांभाळशील? यांना अजून विचारलेलं नाही. आधी तू हो म्हण.

तुझी,
आमू